पाव किलो सुंठ

मे महिना, दुपारचे चार, बाहेर डांबर मऊ झालेलं. अशा वेळी कवठे महांकाळच्या पेठेत किराणा दुकानाच्या फळीवर कोपर टेकून मी म्हणालो, "पाव किलो सुंठ द्या."

दुकानदाराचा हात तागडीवर थबकला. "कोण बाळंत झालं, मास्तर?"

"कुणी नाही."

"मग आजारी कोण हाय?"

"सगळे ठणठणीत आहेत."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि तागडीतला एक तुकडा परत काढून घेतला. गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय म्हटल्यावर दुकानदाराचं वजन आपोआप चोख होतं.

त्याची चूक नव्हती. आपल्याकडं सुंठ घरात यायच्या वाटा ठरलेल्या आहेत. रामनवमी, हनुमान जयंतीचा सुंठवडा, सर्दीचा काढा, आमरसातली चिमूट आणि बाळंतिणीचे लाडू. रामनवमी होऊन गेलेली. सर्दीला बोटभर सुंठ पुरते. आमरसाला तर तेवढीही लागत नाही. पाव किलो म्हणजे बाळंतपणच, आणि तेही बहुधा जुळ्याचं. मी आयुष्यात पहिल्यांदा सुंठ विकत घेत होतो. किराणा दुकानात पाव किलोच्या खाली काही मागायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

हिशेब चुकता करताना उगीच प्रामाणिकपणा अंगात आला आणि मी म्हणालो, "अहो, बिस्किटं करायचीत. आबाला द्यायला."

दुकानात आणखी तिघं उभे होते. एकानं 'बाळंत' ऐकलं होतं, दुसऱ्यानं 'आजारी', आणि आता तिघांनीही 'आबा' ऐकलं.

आबा माझा पहिलीपासूनचा मित्र. दोघांचाही जन्म १ जून १९६४. यात योगायोग काही नाही. आमच्या वर्गात एकवीस पोरं होती आणि त्यातली सतरा १ जूनला जन्मली होती. आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला." पोळा ज्या सालचा, त्या सालाबद्दल घरात दोन मतं. मग गुरुजी दौत पुढं ओढायचे, शाळा जूनमध्ये सुरू होते त्या हिशेबानं वय बसवायचे आणि १ जून लिहायचे. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी अशी गुरुजींच्या टाकातून जन्माला आली आणि अठ्ठावन्न वर्षांनी ३१ मेला एकदम निवृत्त झाली. निरोप समारंभाला हार कमी पडतात ते त्यामुळं. मी स्वतः पुढं मास्तर झालो आणि बऱ्याच जणांना १ जूनला जन्माला घातलं.

तर यंदा आबाची साठी. माझीही, पण माझी कुणी काढत नव्हतं.

आबाची बारा एकर जमीन, त्यात चार एकर द्राक्ष आणि गावाबाहेर बेदाण्याची शेड. एकेकाळी अग्रणी नदीत वर्षातले आठ महिने वाळूच दिसायची. ७२ च्या दुष्काळात आम्ही दोघं आठ वर्षांचे होतो. तांबडी मिलो खाल्ली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या वाटणीवरून भांडलो. नंतर म्हैसाळ योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढून आलं आणि आबा द्राक्षाला लागला. साठीला त्याला काय द्यावं? शाल त्याला साखर कारखान्याच्या प्रत्येक सभेत मिळते. फेटा तसाच. घड्याळ तो बघत नाही. तेव्हा मला पेपरकाका आठवले.

आबाचा मुलगा स्वीडनला गोथेनबर्गमध्ये गाड्यांच्या कंपनीत आहे. गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा त्यानं एक लाल पत्र्याचा डबा आणला. आत पातळ, तांबूस, बदामाच्या आकाराची बिस्किटं. आलं, दालचिनी, लवंगेचा वास. पोरगं म्हणालं, "याला पेपरकाका म्हणतात." आबाला वाटलं, तिकडं पेपर टाकणारा कुणी काका ही बिस्किटं घरोघर पोचवत असेल. मी मास्तर असल्यामुळं खुलासा केला की स्वीडिश भाषेत 'पेपर' म्हणजे मिरी आणि 'काका' म्हणजे केक. आबा म्हणाला, "असू दे की. काका तर काका."

नाताळच्या आधी, १३ डिसेंबरच्या ल्युसियाच्या सणाला, तिकडं ही बिस्किटं हटकून खातात. त्यांचा एक रिवाज आहे. बिस्किट तळहातावर ठेवायचं, मनात काहीतरी धरायचं आणि बोटाच्या पेरानं मधोमध दाबायचं. बरोबर तीन तुकडे झाले तर मनातलं होतं. आबानं त्या दिवशी दाबलं. तीन झाले. दुसऱ्या दिवशी त्याची महिनाभर बंद असलेली बोअरची मोटर सुरू झाली. मोटरीचा फक्त फ्यूज गेला होता आणि तो पोरानं बदलला, पण आबाच्या लेखी सगळं श्रेय पेपरकाकाचं. डबा आठ दिवसांत संपला. तेव्हापासून पीक, पाऊस, बँक, काहीही अडलं की तो म्हणायचा, "एक पेपरकाका पाहिजे होता बघ."

म्हटलं, हेच करून द्यावं. आलं आपलं, मिरी आपली. इंग्रजीतल्या जिंजर शब्दाची मुळंसुद्धा आपल्या शृंगवेरापर्यंत जातात. शेकडो वर्षं हा माल आपल्या किनाऱ्यावरून गलबतांत बसून तिकडं गेला. आता बिस्किट होऊन माघारी आलाय तर त्याचं माहेर आपणच सांभाळलं पाहिजे.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "बेकरीत टाकून आणा."

हेही बरोबरच होतं. आमच्या लहानपणी बिस्किट घरचं असायचं, पण घरी व्हायचं नाही. दिवाळीच्या आधी नाहीतर मे महिन्यात रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा असं सगळं सामान डब्यात भरून बेकरीत न्यायचं. तिथं लाकडी टेबलावर बनियन घातलेला माणूस तळहाताच्या टाचेनं ते मळायचा, पत्र्यांवर नानकटाईचे गोळे मांडायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे भट्टीत ढकलायचा. पोरानं तिथंच बसून राखण करायची. आईची सक्त ताकीद असायची, "आपला डालडा दुसऱ्याच्या पिठात जाता कामा नये." त्या वयात माझ्यावर पडलेली ती सगळ्यात मोठी जबाबदारी. मी डालड्यावर नजर ठेवायचो आणि आबा माझ्यावर, कारण परत येताना डबा उघडायचा आमचा करार होता. प्रत्येकी चार काढायच्या आणि डबा असा हलवायचा की वरची पोकळी दिसू नये. घरी पोचेपर्यंत निम्म्यांचा भुगा व्हायचा. आई बेकरीवाल्याला शिव्या द्यायची.

या नानकटाईतला 'नान' फारसी. सुरतेच्या डच लोकांच्या भट्टीवर काम करणाऱ्या पारशी कारागिरांच्या हातून ती रूपाला आली असं सांगतात. म्हणजे डच, पारशी, सुरत असा प्रवास करून ती कवठे महांकाळला आली आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात आमच्या हाती सापडली.

पण बेकरीत टाकून आणलेल्या बिस्किटात मैत्री ती काय! शिवाय घरात ओव्हन होता. मुलीनं पुण्याहून तीन वर्षांपूर्वी पाठवलेला. त्यात सांडगे, कुरडया आणि लाइटची बिलं ठेवली जात. मी तो रिकामा केला. आत २०२२ मधलं हरवलेलं आधार कार्ड सापडलं.

आबाच्या पोरानं कृती फोनवर पाठवली. सगळी मापं ग्रॅममध्ये. बायकोनं ती वाचली आणि परत केली. तिचा विश्वास 'रुचिरा'वर. कमलाबाई ओगले मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, कुंडलच्या. १९७० साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हापासून मराठी घरांत वाटी आणि चमचा हीच वजनं. बायको म्हणाली, "पंच्याहत्तर ग्रॅम म्हणजे किती, ते माणसाच्या भाषेत सांगा." मी म्हणालो, "अर्धी वाटी." ती म्हणाली, "आमटीची का दह्याची?" एवढ्यावर आमची पहिली दुपार गेली.

मग सामानाची जुळवाजुळव. शेजारच्या पोराला पन्नासची नोट देऊन म्हटलं, "बटर घेऊन ये." तो बेकरीतून बारा बटर घेऊन आला. गोल, कडक, चहात बुडवल्याशिवाय दाताला न जुमानणारे. त्याला समजावलं, "हे नव्हे, दुसरं बटर. आणि येताना बटर पेपर पण आण." तो झेरॉक्सच्या दुकानातून रांगोळीचा ठसा उतरवून घ्यायचा कागद घेऊन आला. तीन बटर एका गावात नांदतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. शेवटी बेकिंगचा कागद मी ऑनलाइन मागवला. चार दिवसांनी फोन आला, "काका, मी कवठ्यात आलोय, तुमचं घर कुठं?"

"कुठल्या कवठ्यात?"

"एकंद."

सांगली जिल्ह्यात नुसतं 'कवठे' म्हणून चालत नाही. कवठे एकंद वेगळं, कवठे पिरान वेगळं आणि आमचं वेगळं. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री शोभेच्या दारूची अशी आतषबाजी होते की ती बघायला लांबलांबून माणसं येतात. तिथं माझा कागद पोचला होता. तो बिस्किटासाठी होता यावर तिथं कुणी विश्वास ठेवला असता का, शंका आहे. मी ताटाला तूप लावलं आणि तो विषय संपवला.

काकवीचा घोटाळा याहून मोठा. कृतीत मोलॅसिस होतं. मी आबाच्या भाच्याला विचारलं, तो साखर कारखान्यात आहे. म्हणाला, "मोलॅसिस म्हणजे आपली मळी की. किती पाहिजे? टँकर भरूनच जातात." साखर काढून झाल्यावर उरलेला तो काळा रस आसवनीकडं जातो आणि त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. मी म्हणालो, "दोन चमचे." तो बराच वेळ बोलला नाही. दोन चमचे मळीसाठी परवाना कुठल्या नमुन्यात मागायचा, याचा तो बहुधा विचार करत असावा. बायकोनं फडताळातून काकवीची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. गुळाच्या वाटेवर एक थांबा आधी उतरलेला उसाचा रस म्हणजे काकवी. लहानपणी भाकरीबरोबर खाल्लेली. तेच ते, आणि सुगंध मळीपेक्षा कितीतरी सभ्य.

ओलं आलं मात्र उत्तम हवं होतं. साताऱ्याकडं कोरेगाव भागात माझा एक जुना विद्यार्थी आल्याची शेती करतो. त्याला फोन केला.

"सर, किती पाठवू? एक गाडी?"

"गाडी म्हणजे?"

"पाचशे किलो. आमच्याकडं आल्याचा भाव गाडीवरच असतोय."

"मला दोन बोटं हवंय रे."

"जुनं का नवं?" त्याचा आवाज पडला. जुनं आलं आणि नवं आलं यांच्या वेगवेगळ्या दरावरून तिकडं शेतकरी आणि व्यापारी यांचं कायम जुंपलेलं असतं. त्या युद्धात मी दोन बोटं घेऊन उतरलो होतो. त्यानं एसटीनं येणाऱ्या पाहुण्याजवळ दोन किलो पाठवलं. पुढचे दोन दिवस आमच्या घरात एकच संवाद चालू होता.

"आलं आलं का?"

"अजून नाही आलं."

"आलं असेल तर बघा."

"आलं की सांगते आलं म्हणून."

बायकोची बहीण मुक्कामाला आलेली. तिला वाटलं, हे उन्हानं झालं.

आता सुंठ आहे तर ओलं आलं कशाला, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. ओल्या आल्यात जे तिखट द्रव्य असतं ते वाळताना बदलतं आणि आणखी जहाल होतं. म्हणून सुंठ घशात झोंबते. उलट आलं शिजवलं की त्याचा तिखटपणा मवाळ होतो आणि वास गोडसर होतो. म्हणजे सुंठ सासूसारखी, शिजलेलं आलं आजीसारखं. बाई तीच. बिस्किटाला दोघींची गरज लागते. (ओल्या आल्यात दूध फाडणारं एक पाचकद्रव्यही असतं. म्हणून आल्याचा चहा करताना आलं आधी पाण्यात उकळून मग दूध घालावं. हे मी बायकोला सांगितलं. ती गेली सदतीस वर्षं तसंच करते आहे असं तिनं मला सांगितलं.)

पहिला घाणा २९ मेला. दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी गुळाची पूड, अर्धी वाटी लोणी, दोन चमचे काकवी, दोन चमचे सुंठपूड, किसलेलं आलं, दालचिनी, लवंग, चार मिरी आणि अर्धा चमचा सोडा. गुळाकाकवीत थोडा आंबटपणा असतो, त्याच्याशी गाठ पडली की सोडा फसफसतो आणि बिस्किट हलकं होतं. मळलं, वाटीच्या कडेनं बारा चकत्या कापल्या, ताटात मांडल्या. कृतीत लिहिलं होतं, पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मी म्हटलं, ही स्वीडनची कृती, त्यांना थंडीची सवय. पण आमच्याकडं त्या दिवशी चाळिशी पार झालेली. लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच पाघळलं होतं. बारा मिनिटांनी दार उघडलं तर बारा बिस्किटांचं एकत्र कुटुंब झालेलं. आकार जिल्ह्याच्या नकाशासारखा, एका बाजूला जतसारखं फुगलेलं, दुसऱ्या बाजूला आत गेलेलं. बायकोनं सुरीनं वाटण्या केल्या.

दुसरा घाणा ३० मेला. या वेळी पीठ गार केलं. चकत्या सुट्या राहिल्या. बारा मिनिटांनी बाहेर काढल्या तर बोट लावल्यावर खड्डा पडावा इतक्या मऊ. कच्च्या राहिल्या असं समजून मी त्या परत आत सारल्या, आणखी पंधरा मिनिटं. नंतर कळलं की गरम असताना यातलं गूळ-लोणी पातळच असतं आणि ते गार झाल्यावर आवळतं. मऊ दिसतात तेव्हाच काढायच्या असतात. माझ्या चकत्या गार झाल्यावर त्यांचा आवाज व्हायला लागला. एक हातातून निसटली, तिनं शहाबादी फरशीचा टवका काढला. आणि घरभर जळक्या लवंग-सुंठीचा असा दर्प सुटला की शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काढा उकळताय व्हय? लई झालंय का हो आबांना?"

मी लक्ष दिलं नाही. मला काकवीची बाटली पुसायची होती.

टाकवत काहीच नाही. ७२ च्या दुष्काळात वाढलेल्या माणसाच्या हातून अन्न कचऱ्यात जात नाही. दोन्ही घाणे मी खाल्ले. पहिला चहात बुडवून. दुसरा आधी खलबत्त्यात घालून.

तिसरा घाणा ३१ मेच्या संध्याकाळी. ओव्हनमध्ये जाऊन सहा मिनिटं झाली आणि वळीव आला. दांडोबाच्या बाजूनं काळं भरून आलं, वारं सुटलं, लाइट गेली. काळोखात ओव्हनसमोर मांडी घालून मी आणि बायको बसलो. दार उघडायचं नाही, असं तिनं बजावलं. आतली धग मुरत मुरत कमी होत गेली. दोन तासांनी लाइट आली तेव्हा आत चोवीस बिस्किटं होती. सुटी, पातळ, तांबूस, कडेला कुरकुरीत. पोरानं पाठवलेल्या कृतीत लाइट जाण्याचा उल्लेख नव्हता. तिकडं जात नसावी. त्यांचं कसं होतं कुणास ठाऊक.

१ जूनच्या सकाळी मी डबा घेऊन आबाच्या घरी निघालो. आता बिस्किटाचंही आपल्याकडं एक शास्त्र आहे. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ साली कारखाना निघाला आणि पुढं त्याचं ग्लुकोज बिस्किट खेड्यापाड्यांत पोचलं. तेव्हापासून मराठी माणसानं दुसऱ्याच्या घरी बिस्किटाचा पुडा नेण्याचं एकच कारण ठरवून ठेवलंय. ते म्हणजे आजारपण. लग्नाला आहेर, बारशाला झबलं, दुःखात पिठलं-भाकरी, दवाखान्यात बिस्किटाचा पुडा. धडधाकट माणसाला कुणी बिस्किटं नेत नाही. आल्याचं म्हणाल तर ते खोकल्याचं. तेव्हा आल्याची बिस्किटं म्हणजे दुखणं साधं नव्हे, हा निष्कर्ष कुणीही शहाणा माणूस काढणारच. आमचं गाव रत्नागिरी-नागपूर महामार्गावर आहे. बातमी एका बाजूला शिरढोणला आणि दुसऱ्या बाजूला नागजला पोचायला वेळ लागत नाही.

आबाच्या दारात चपलांचे अठरा जोड होते.

आत आबा दिवाणावर बसला होता. नुकतं न्हाणं झाल्यामुळं डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यामुळं तो खरंच आजारी दिसत होता. त्याच्यापुढं ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्यांची चळत आणि कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग. बेदाण्याच्या सौद्यातले दोन व्यापारी मान खाली घालून बसलेले. एक जण हलक्या आवाजात विचारत होता, "मिरजंला दाखवलं का?" मिरजेला दवाखान्यांची कमी नाही, त्यामुळं आमच्याकडं आजार कुठलाही असो, प्रश्न हाच असतो.

"अरं, पण कशासाठी दाखवू?" आबा ओरडत होता. तो जेवढा ओरडत होता तेवढी मंडळी एकमेकांकडं बघून मान हलवत होती.

दारातून गल्लीतली ऐंशीच्या घरातली आजी आत आली. हातात झबलं-टोपडं. ती थेट वहिनींसमोर जाऊन म्हणाली, "सून स्वीडनास्नं कवा आली? आन् पोर कुठाय?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं. दुकानातल्या त्या तिघांपैकी कुणीतरी त्यांना सगळी साखळी सांगितली होती हे त्या नजरेत दिसत होतं.

आबानं ते झबलं घेतलं आणि डोक्यावरचा पंचा काढून टोपडं घालून बघितलं. ते त्याच्या टाळूवर पेरूच्या देठासारखं बसलं. "आज्जे," तो म्हणाला, "पोर म्हंजे म्याच की. आज एक जून. आजच झालोय मी."

आजीनं त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बाळंतीण ठीक हाय न्हवं?"

मग मी डबा पुढं केला. आबानं झाकण उघडलं, वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "पेपरकाका!" त्या व्यापाऱ्यांना वाटलं, हे मला म्हणाला. एकानं मला "बसा काका" म्हणून जागा करून दिली.

आबानं एक बिस्किट तळहातावर ठेवलं. खोलीत शांतता पसरली. त्यानं डोळे मिटले, मनात काहीतरी धरलं आणि पेरानं दाबलं. दोन तुकडे झाले. त्यानं एक डोळा उघडून बघितलं, त्यातला मोठा तुकडा दातानं तोडला आणि म्हणाला, "झाले तीन."

"काय मागितलंस?" मी कानाशी लागून विचारलं.

"ह्यातलं कुणी चहाला थांबू नये."

वहिनी तेवढ्यात अठरा कप चहा घेऊन बाहेर आल्या. मंडळींनी तो पेपरकाकांबरोबर घेतला. चोवीसपैकी आबाच्या वाट्याला तेवढं एकच आलं. एका व्यापाऱ्यानं दुसरं मागितलं आणि बेदाणा घातला तर बाजारात चालेल असं मत दिलं. आबानं त्याला तिथंच दर विचारला. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, हे दोघांनाही पाठ. त्यामुळं पंधरा मिनिटं घासाघीस झाली आणि आजारी माणसाच्या समाचाराला आलेली सभा सौद्यात विसर्जित झाली. निघताना आबा मला दारापर्यंत सोडायला आला.

"चव लागली का?" मी विचारलं.

"लागली की. पण मास्तर, पुढच्या खेपेला बेकरीत टाक. येताना चार काढून डबा हलवू."

तर कवठे महांकाळ आणि पंचक्रोशीतल्या सर्व मंडळींना कळकळीची विनंती आहे. आबाची प्रकृती उत्तम आहे. त्याची सून स्वीडनमध्ये नोकरी करते आहे आणि तिचं तसलं काही नाही. त्याच्या घरी अजून एकतीस पुडे शिल्लक आहेत, तेव्हा तिकडं कुणी बिस्किटं नेऊ नयेत. पहिले दोन घाणे एकट्यानं खाल्ल्यामुळं सुंठ उष्ण पडली ती मला. चार दिवस झाले, छातीत आग आणि तोंडाला फोड घेऊन मी पडून आहे. शहाळी आणायचीच असतील तर माझ्याकडं आणावीत. घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत, कवठे महांकाळ. एकंद नव्हे.